आयरिसला घाई कुणी केली?

२४ जानेवारीला सकाळी सव्वासातला मी परसात कोथिंबीर खुडायला गेले आणि कोथिंबीर न घेताच परत आले. सासूबाईंनी ओट्यापाशी उभ्या-उभ्या विचारलं, "काय गं, साप निघाला का?"

"साप नाही आई, आयरिस."

आयरिस म्हणजे कंदापासून येणारं एक परदेशी फूल, हे त्यांना चांगलं माहीत होतं. नवरात्रापासून दिवाळी होऊन पार तुळशीचं लग्न लागेपर्यंत या प्रकरणानं त्यांच्या फ्रिजचा भाजीचा कप्पा अडवून ठेवला होता. हात पुसत बाहेर आल्या, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "एवढं करून एकच?"

एकच होतं खरं. गडद निळं, तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली झुकलेल्या, आणि खालच्या प्रत्येक पाकळीवर पिवळा पट्टा, चिमटीनं हळद ओढल्यासारखा. मागे आणखी आठ दांडे उभे होते, टोकाशी शाईत बुडवलेल्या टाकासारख्या कळ्या घेऊन.

मग हे आले. मग भिंतीपलीकडून भाभींचं डोकं वर आलं. "अरे, ये तो मार्च में खिलनेवाला था ना?" मी सगळ्या गल्लीला तसंच सांगून ठेवलं होतं. ह्यांनी चहाचा घोट घेतला आणि निकाल दिला, "ग्लोबल वॉर्मिंग." गेली काही वर्षं ह्यांच्याकडे सगळ्याला हे एकच उत्तर असतं. लोणच्याला बुरशी आली तरी तेच.

तेव्हा मलाही ते पटलं. पुढचे दोन महिने बागेत एकामागून एक फुलं वेळेआधी येत गेली आणि दरवेळी मी तेच म्हणत गेले. मार्चअखेरीस जरा निवांत बसून एकेका फुलाचा हिशोब मांडला, तेव्हा कळलं की त्यातल्या बऱ्याच घाईमागे मीच होते.

हे वेड मुळात श्रीनगरचं. २०१७ च्या एप्रिलमध्ये आम्ही तिथे ट्यूलिपचं उद्यान बघायला गेलो होतो. ट्यूलिप बघितले, फोटो काढले, गर्दीत चपलेचा बंद तुटला, सगळं यथासांग झालं. पण डोक्यात राहिलं ते परतीच्या वाटेवरचं एक कबरस्तान. अख्खा उतार जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांनी भरलेला. गाडीवाल्यानं सांगितलं की इकडे कबरींवर ही फुलं लावतात. दुसऱ्या दिवशी एका रोपवाटिकेतून मी त्याचे चार गड्डे आणले, आल्याच्या गड्ड्यासारखे दिसणारे. इंदूरला आल्यावर लावले. तीन वर्षं त्यांना तलवारीसारखी पानं आली, झुपकाच्या झुपका, फूल मात्र एक नाही. आमचा माळी एकदा म्हणाला, "आंटीजी, इसको घास बोलूँ कि फूल बोलूँ?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. तो दाढीवाला आयरिस (खालच्या पाकळीवर दाढीसारखे केस असतात तो), डोंगरातला. त्याला फुलायला लांबलचक, कडक हिवाळा लागतो. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, रात्री गार असतात, 'शब-ए-मालवा', माळव्याची रात्र, उगाच म्हणत नाहीत. पण ती स्वेटर घालून रात्री सराफा बाजारात गराडू (तळलेलं कंदमूळ) खायची थंडी. काश्मिरी गड्ड्याला ती गुदगुल्यांइतकीच.

मग वाचता-वाचता डच आयरिसचा शोध लागला. फुलवाल्यांकडच्या गुच्छांत निळं, उंच, सडपातळ फूल असतं ते हेच. याला गड्डा नसतो, छोट्या कांद्यासारखा कंद असतो. नाव डच असलं तरी मूळ गाव तिथलं नाही. स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतल्या रानटी जातींचा संकर हॉलंडात झाला. म्हणजे आजोळ उन्हातलं. आशा वाटली. २५ कंदांचं पाकीट मागवलं, त्याला गॅसच्या सिलिंडरइतके पैसे पडले (हे घरात अजून सांगितलेलं नाही).

पाकिटावर जातीचं नाव होतं 'प्रोफेसर ब्लाऊ'. हे गृहस्थ खरोखरीचे डच वनस्पतिशास्त्रज्ञ. कंदांवर तापमानाचा काय परिणाम होतो हाच त्यांच्या संशोधनाचा विषय होता. आमच्या घरात त्या दिवसापासून कंदांचं नाव 'प्रोफेसर' पडलं. "प्रोफेसरांना पाणी घातलं का?", "प्रोफेसरांपैकी एक सडलेत" अशी वाक्यं पुढे चार महिने सर्रास ऐकू यायची.

या प्रोफेसरांचा स्वभाव ट्यूलिपपेक्षा वेगळा आहे आणि माझी सगळी गोष्ट त्या स्वभावातच आहे. ट्यूलिपचा कंद शरद ऋतूत उभा चिरला तर आत बारीकसं फूल तयार असतं. उन्हाळ्यातच ते घडून गेलेलं असतं, थंडीनं फक्त दांडा लांबवायचा. डच आयरिसच्या कंदात त्या वेळी फूल नसतंच. आत नुसता कोंब असतो. पुरेशी थंडी खाल्ली की मग तो कोंब ठरवतो, आता पानं पुरे, फूल करू. थंडी कमी पडली किंवा कंद बारका निघाला तर तो तीन पानं काढतो आणि गप्प बसतो. नेमकी तीन. मला हे वाचून गंमत वाटली होती, पुढे मोजताना नाही वाटली.

पार्सल आलं ते नवरात्रात, ७ ऑक्टोबरला. बाहेर पंखा लावून बसावं असा उकाडा. हवामान खात्यानं नंतर जाहीर केलं की तो, म्हणजे २०२४ चा ऑक्टोबर, देशभराच्या सरासरीनं १९०१ पासूनचा सगळ्यात उष्ण ऑक्टोबर होता. अशा मातीत कंद लावणं म्हणजे उकडायलाच टाकणं. म्हणून फ्रिज.

फ्रिजचं ऐकताना सोपं वाटतं. कंद प्लास्टिकमध्ये ठेवायचे नाहीत, घाम धरतो. कागदाची पिशवी, तिला भोकं. शेजारी पिकलेली फळं नकोत, कारण पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि कंदांच्या बाबतीत तो भलतेच उद्योग करतो. आणि दिवस कुठले, तर बाजारात जाम यायला लागलेले. (आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात. पुण्याची मंडळी ऐकून हसतात, हसू देत.) आईंना सकाळी फ्रिजमधला गार जाम तिखट-मीठ लावून लागतो. त्यावर वाटाघाटी झाल्या. शेवटी जाम बाहेर टोपलीत गेले, त्या बदल्यात कोथिंबीर-मिरच्यांना अर्धा कप्पा सुटला, आणि पंचविसांपैकी बाराच कंद आत मावले. उरलेले तेरा कोठीच्या खोलीत, वर्तमानपत्रात. कंद पोटात गेले तर बाधतात असं मी सांगितल्यावर ह्यांनी पिशवीवर स्केचपेननं मोठ्ठं 'विष' लिहिलं. त्यामुळे महिनाभर प्रत्येक पाहुणा पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडून जरा थबकायचा.

बारा आत, तेरा बाहेर ही विभागणी मी काही प्रयोग म्हणून केली नव्हती. जागेची अडचण, दुसरं काही नाही. पण तिच्यामुळेच पुढे डोक्यात प्रकाश पडला.

दर रविवारी पिशवी काढून कंद चाचपायचे. दोघांवर निळसर बुरशी आली, पुसून हळद चोळली, एक सावरला, एक मऊ पडला तो टाकला. आत राहिले अकरा. साडेसहा आठवडे झाले.

मधल्या काळात वाफ्याची तयारी. आमच्याकडे म्हण आहे, 'मालव माटी गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर'. गव्हाला, हरभऱ्याला, सोयाबीनला ही काळी माती म्हणजे आई. कंदांना सासू. (आईंना हे वाचून दाखवलं. हसल्या, पण थोडं थांबून.) ती पाणी धरून ठेवते, वाळली की दगड होते, उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. कंद तिच्यात बसून बसून कुजतात. म्हणून दोन घमेली माती, एक घमेलं नर्मदेची वाळू, एक घमेलं कंपोस्ट असं कालवून, विटा लावून, वीतभर उंच वाफा केला.

कंपोस्टवरून एक सांगायचं राहून जायला नको. कंपोस्ट करायची एक पद्धत जगभर आपल्या गावाच्या नावानं ओळखली जाते, 'इंदूर पद्धत'. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ पासून १९३१ पर्यंत इथल्या वनस्पती संशोधन संस्थेचे प्रमुख होते. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. पालापाचोळा, शेण, माती, राख यांचे थर द्यायचे आणि ठरावीक दिवसांनी ढीग उलटायचा, ही रीत त्यांनी इथल्या शेतकऱ्यांचं बघून आणि मोजून-मापून बसवली. माझा खड्डा म्हणजे त्याची गरीब नक्कल, तीन फूट बाय तीन फूट, भिंतीला लागून. नोव्हेंबरात तो भरला तेव्हा वरून हात ठेवला तरी ऊब लागायची. ही ऊब लक्षात असू द्या.

२१ नोव्हेंबरला कंद लावले. टोक वर, चार बोटं खोल, दोन कंदांत वीतभराहून थोडं कमी अंतर. डावीकडे फ्रिजमधले अकरा, उजवीकडे कोठीतले तेरा, मधे एक आडवी वीट. माळी म्हणाला, "एक ही फूल है, फिर ये बॉर्डर काहे का?"

डिसेंबर निवांत गेला. डावीकडून बारीक हिरवे सुळे आठ दिवसांत वर आले, उजवीकडचे दहा-बारा दिवस मागे. मधे मावठ्याचे ढग आले आणि मी रात्री टॉर्च घेऊन वाफ्यावर प्लास्टिक टाकायला धावले, ते पाऊस पडायच्या आधीच वाऱ्यानं उडून भाभींच्या तुळशीवर गेलं. बाकी सांगण्यासारखं काही नाही. पाणी दोन दिवसांआड, सकाळी. पानं मोजायची. चौथं पान दिसलं की जीव भांड्यात. डावीकडे नऊ जणांनी चौथं काढलं, दोघं तिनावर अडले.

संक्रांतीनंतर एकदा पानांचा झुबका हलकेच दाबून बघितला तर आत काहीतरी टणक, लांबट लागलं. कुणाला सांगितलं नाही. आणि मग ती २४ तारीख.

पहिलं फूल सहा दिवस टिकलं. नऊच्या नऊ फुलं पंधरा दिवसांत उमलली आणि त्या पंधरा दिवसांत मी स्वयंपाक कसा केला हे घरच्यांना विचारा. या फुलाची रचना जवळून बघण्यासारखी आहे. मधमाशी खालच्या पाकळीवर उतरते, हळदीच्या पट्ट्यानं आत शिरते, वर छतासारखी एक निळी पट्टी असते. तिच्या टोकाला खालून एक ओठासारखी कड असते, माशी आत जाताना पाठीवरचा परागकण त्या कडेला पुसला जातो. पुढे गेल्यावर पाठीला या फुलाचे पराग लागतात. बाहेर येताना कड उलटी दुमडते, म्हणून फुलाचे पराग त्याच फुलाला लागत नाहीत. तीन पाकळ्या, तीन भुयारं, म्हणजे माशीसाठी ती एकाच घराची तीन बिऱ्हाडं. मी प्लास्टिकचा स्टूल टाकून एका माशीला तिन्ही बिऱ्हाडं करताना बघितलं. आई खिडकीतून म्हणाल्या, "तिला चहा विचार."

आता बाकीची घाई.

फ्लॉक्स, हंगामी फुलझाडं. दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्याला रंग धरतात, यंदा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातच वाफा भरला. पण सगळा नाही, भिंतीकडचा अर्धा. रस्त्याकडचा अर्धा नेहमीसारखा पोपटी. दोन्ही अर्ध्यांना बी एकच, दिवस एकच, माळी एकच. हवा बदललीय म्हणावं तर ती काय अर्ध्याच वाफ्यावर बदलते? भिंतीकडे होता कंपोस्टचा खड्डा. त्याची ऊब मातीतून वाफ्यात गेली, तिथलं बी आधी रुजलं, आधी वाढलं. वर भिंत दिवसभर तापून रात्री ती ऊब सोडायची. साधा खुलासा, पण मी तोपर्यंत तीन जणींना 'हवामान' म्हणून सांगून बसले होते.

मग अॅमरिलिस. लाल, भोंग्यासारखी फुलं, आमच्याकडे रामनवमीच्या आसपास येतात. या वर्षी त्यातल्या एका गमल्यानं २७ फेब्रुवारीला चार भोंगे फुंकले. बाकीचे पाच गमले ढिम्म. या एकाचं असं झालं होतं की दिवाळीच्या साफसफाईत तो गच्चीवर टाकीमागे सरकवला गेला आणि आम्ही विसरलो. अडीच महिने पाण्याचा थेंब नाही. संक्रांतीला भाचा अडकलेला पतंग काढायला टाकीमागे गेला तेव्हा सापडला, पानं वाळून कागद झालेली. अपराधी वाटून मी त्याला खाली आणलं, पाणी घातलं, शेणखत घातलं. सहा आठवड्यांत दांडा आला.

हे मला खरं तर तेव्हाच ओळखू यायला हवं होतं, कारण माझं माहेर वरुडचं. संत्र्याचं गाव. लहानपणापासून 'ताण' हा शब्द ऐकत आले. डिसेंबरात बागेचं पाणी तोडायचं, झाडं मलूल होतात, पानं गळायला लागतात, बघणाऱ्याला वाटतं बाग गेली. मग जानेवारीत खत-पाणी द्यायचं की आठ-पंधरा दिवसांत पांढऱ्या फुलांचा असा दणका उडतो की वासानं रात्री झोप येत नाही. तो आंबिया बहार. पावसाळ्याच्या तोंडाशी धरायचा तो मृग. बाबा म्हणायचे, झाडाला सुखात ठेवलं की ते पानं करत बसतं. टाकीमागच्या गमल्यात मी नकळत बहार धरला होता. नावं मात्र ठेवली आभाळाला.

इतकं झाल्यावर मी उलट टोकाला गेले. ह्यांना सांगितलं, सगळं आपलंच केलेलं आहे, हवेचा काही संबंध नाही. हे म्हणाले, "मग मोगरा?"

मोगरा अडचणीचा होता. त्याला मी फ्रिजमध्ये ठेवलं नव्हतं, तहानेलं ठेवलं नव्हतं, खड्ड्यापासून तो लांब, अंगणात. छाटणी दरवर्षीसारखी जानेवारीत. आणि तरी ४ मार्चला आईंच्या केसात गजरा होता. नेहमी कधी येतो? मला वाटत होतं गुढीपाडव्याला. ह्यांना वाटत होतं त्याही नंतर. आई उठल्या आणि माळ्यावरच्या ट्रंकेतून जुनी कॅलेंडरं काढून आणली.

आईंची कॅलेंडरं म्हणजे दुधाचा हिशोब. प्रत्येक चौकोनात 'दीड', 'दोन', 'नाही'. कुठे 'गॅस लागला', कुठे 'बाई आली नाही'. पण मार्च-एप्रिलच्या पानांवर मधेच 'गजरा १', 'गजरे २'. त्यांनी बागेची नोंद म्हणून नव्हतं लिहिलं. शेजारच्या एकीला रोज गजरा द्यायच्या आणि महिन्याच्या शेवटी ती काही पैसे द्यायची, त्याचा हिशोब होता तो. (हे आम्हाला पहिल्यांदाच कळलं. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.) आम्ही अकरा वर्षांची पानं उलटली, मधली काही वर्षं उंदरांनी खाल्ली होती. सगळ्यात लवकरचा पहिला गजरा २१ मार्चचा, सगळ्यात उशिराचा ९ एप्रिलचा. ४ मार्चच्या जवळपास एकही नाही.

म्हणजे मोगरा हवेनंच आणला. आणि ती हवा कशी होती हे आकड्यांत आहे. २०२५ चा फेब्रुवारी हा १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात उष्ण फेब्रुवारी ठरला, सरासरी तापमान २२.०४ अंश. आकडा दिसायला सौम्य आहे, कारण त्यात काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळं आलं, दिवस आणि रात्र दोन्ही. आमच्या गच्चीवर दुपारी अनवाणी उभं राहवत नव्हतं. सांवेरकडे ह्यांच्या मामेभावाची शेती आहे, तो म्हणाला की गहू दाणा भरायच्या आतच पिवळा पडायला लागलाय. चोरलच्या घाटात पळस शिवरात्रीआधीच पुरता पेटला होता. रंगपंचमीला टेसूचा, म्हणजे पळसाच्या फुलांचा, रंग करणाऱ्या भाभींनी तिथून पोतंभर फुलं आणायचा बेत केला, १९ मार्चच्या चार दिवस आधी गेल्या, तर झाडाखाली काळपट चिंध्या.

आणि माझ्या वाफ्यातली उजवी बाजू? कोठीतले तेरा?

त्यांना थंडी मिळाली ती इंदूरची, डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींची. त्यांनी ती घेतली, पण सावकाश. त्यातल्या सहांनी तीन पानं काढून काम थांबवलं. सातांत कळ्या धरल्या, फेब्रुवारीच्या शेवटी, म्हणजे साधारण मी गल्लीला सांगितलेल्या वेळी. तेव्हा दुपारचा पारा ३३-३४ वर. तीन कळ्या हिरव्या आवरणातच वाळून गेल्या, सोलून बघितलं तर आत जुन्या पत्रासारखा निळसर कागद. चार फुलल्या. दांडे वीत-दीड वीत, पाकळ्या कडेनं करपलेल्या, सकाळी उमललेलं फूल दुसऱ्या संध्याकाळी मान टाकायचं. डावीकडे अकरातले नऊ, सहा-सहा दिवस टिकलेले. उजवीकडे तेरातले चार, दोन दिवसांचे.

मला वाटत होतं जानेवारीतली फुलं चुकीच्या वेळी आली आणि मार्चमधली योग्य. प्रत्यक्षात हॉलंडात काचघराबाहेर मार्चमध्ये या फुलाची कुणी वाटसुद्धा बघत नसेल, तिथे ही फुलं मे-जूनमध्ये येतात. मार्चची ती वेळ मी कुठल्याशा दिल्लीकडच्या लेखातून उचलली होती. इंदूरला या फुलासाठी जेमतेम एक खिडकी उघडते, जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, आणि त्यात बसवायचं तर थंडी आधीच उसनी द्यावी लागते. भाभी ज्याला 'जल्दी' म्हणाल्या ती इथली वेळच आहे. ह्यांना हे समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे ग्लोबल वॉर्मिंग नाहीच?" म्हटलं, आहे, पण ते उजवीकडे आहे. वाळलेल्या तीन कळ्यांत. ज्यांना आपण 'फुलं आलीच नाहीत' म्हणून मोजलंच नाही त्यांच्यात. लवकर आलेलं फूल सगळ्यांना दिसतं, फोटो निघतात. न आलेल्याचा फोटो कोण काढतो?

याच्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आमच्याकडे हे क्वचित घडतं.

फुलं गेल्यावर दांडे कापले, पानं ठेवली. पानं हिरवी असतील तोवर कंद भरतो. हा कंद दरवर्षी स्वतः संपतो आणि आपल्या जागी पिलं ठेवून जातो, ती पोसायला पानंच लागतात. हॉलंडात पानांना जास्त दिवस मिळतात, इथे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ती टोकाकडून वाळायला लागली. हिरवी जाळी बांधली, पाणी वाढवलं, थोडं लांबलं इतकंच. एप्रिलच्या २० तारखेला खुरप्यानं वाफा उकरला. दोन कंद सुपारीएवढे निघाले, बाकीची पिलं लसणाच्या पाकळ्यांसारखी, मूठभर. आईंनी एक हातात घेऊन वास घेतला आणि परत ठेवला. या पिलांना पुढच्या वर्षी तीन पानांच्या वर काही जमणार नाही, फुलण्याइतकं त्यांचं आकारमानच नाही. म्हणजे फुलं हवी असतील तर दरवर्षी एक सिलिंडर. तरी मी ती पुडीत बांधून ठेवलीत, टाकवत नाही.

कंपोस्टचा खड्डा तिथेच ठेवणार आहे, दुसऱ्या बाजूला स्वीट पी लावून बघायचा आहे. अॅमरिलिसच्या सहा गमल्यांपैकी दोन यंदा मुद्दाम टाकीमागे जाणार. आणि प्रोफेसर सगळे पंचवीसच्या पंचवीस फ्रिजमध्ये, त्यासाठी पितृपक्षातच कप्पा माझ्या नावावर करून घ्यायचा आहे. आईंशी बोलणी चालू आहेत. त्यांची अट अशी की कोथिंबिरीसाठी वेगळी सोय आधी, सही नंतर.

हे लिहायला बसले तेव्हा पहिलं फूल नक्की कधी उमललं याबद्दल मनात गोंधळ होता, मी २३ म्हणत होते, हे २६ म्हणत होते, झेंडावंदनाला जाताना बघितलं म्हणून. फोन बदलल्यात फोटोही गेले. स्वयंपाकघरातलं या वर्षीचं कॅलेंडर काढून जानेवारीचं पान उलटलं. २४ च्या चौकोनात आईंच्या अक्षरात होतं, 'दीड. प्रोफेसर १.' खाली रोज आकडा वाढत गेलेला, एकदम पाच, मग सात, मग नऊ. फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा एक नोंद, 'प्रोफेसर १, आखूड.'